बांधाला मेरेची माती

येसूबाईच्या मेरेतून थेंब जात नाही, असं वाडीत म्हणत. मेर म्हणजे भातखाचराच्या कडेचा मातीचा बुटका बांध. सगळेच कौतुकानं म्हणत असं नाही. तिच्या शेताच्या खालच्या अंगाला महिपतचं शेत होतं, आणि वरच्याच्या मेरेतून जे पाझरतं त्यावर खालच्याचं निम्मं निभतं, म्हणून महिपत ते वाक्य दात खातच म्हणायचा. पण येसूबाईचा इलाज नव्हता. ज्येष्ठात पदर खोचून चिखलात उतरली की तिच्या हातांना दुसरं काही सुचत नसे. खेकड्यानं पाडलेलं एकेक भोक चाचपायचं, शेतातलाच लोण्यासारखा चिखल ओंजळीनं उचलून मेरेवर थापायचा, वरून टाचेनं दाबायचा. दर वर्षी मेर बोटभर चढायची. शेताची माती शेताच्याच मेरेला, बाहेरून आणील तो खुळा, असं तिला आईनं सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं, ते विचारायची पद्धत नव्हती.

मिरजोळ्याच्या पलीकडं सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, खाण निघाली ती सन एकोणतीसच्या सुमारास. कंपनी कुठली परक्यांची, मॅनेजर त्याहून परका. सड्याची तांबडी माती खणायची, लाकडी पन्हळीत पाण्यानं धुवायची. जड दगड तळाशी राहायचे, ते बैलगाडीनं मिरकरवाड्याच्या बंदराला जायचे आणि तिथून गलबतानं पुढं. दगड गेले, पैसे आले, सगळं ठीक. पण धुतलेल्या पाण्यात जो तांबडा गाळ राहतो, तो कुणालाच नको असतो. पऱ्यात, म्हणजे खाली वाहणाऱ्या ओढ्यात, सोडला तर खालची भातशेती बुडाली असती. म्हणून दोन टेकाडांमधल्या घळीला आडवा बांध घालून गाळ त्याच्या पाठीमागं साठवायचं ठरलं.

बांध घालायला रत्नागिरीहून रावजी ओव्हरशियर आला. बारीक, पोटदुखीनं कायम वाकलेला माणूस. बायका म्हणायच्या, हा बांध उभा करणार, आधी स्वतः तरी सरळ उभा राहू दे. त्याच्याजवळ निळ्या कागदाचा नकाशा होता, त्यावर पांढऱ्या रेघा. येसूबाईचा धाकटा भाऊ रामा मुकादम झाला आणि बायकांची टोळी येसूबाईकडं आली. रावजीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून नकाशातलं एकेक समजावलं. घळीतली मऊ माती आणि झाडांची मुळं काढून कातळ उघडा करायचा, बांधाचा पाय त्या कातळात खोवायचा. तळाशी दगडांची नळी ठेवायची, म्हणजे आत मुरलेलं पाणी निथळून जाईल. पावसाच्या पाण्याला एका बाजूला कातळातून वेगळी वाट काढायची, ते बांधावरून कधी जाता कामा नये. माती टेकाडापलीकडची, कोरडी. वीतभर पसरायची आणि चोपणीनं चोपायची, खळं चोपतात तशी. आणि बांधाच्या खाली, पऱ्याच्या अंगाला, कुणी घर बांधायचं नाही.

दोन वर्षं सगळं तसंच झालं. बायका चोपता चोपता गाणी म्हणत, रावजी वाकून वाकून बघत फिरे. एकदा येसूबाईनं त्याला विचारलं, की आत एवढा गाळ साठलाय, वर उन्हानं तडे गेलेत, कोंबडी चालते त्यावर. मग पुढं बांध वाढवताना तीच माती का घ्यायची नाही?

"येसूबाई, वर साय आहे. खाली दूध."

"दूध ठेवलं की विरजतं, रावजीभाऊ."

"हे विरजत नाही," रावजी म्हणाला. "बांध चढवायचा तर बाहेरून, कोरड्या मातीनं. त्या गाळावर पाय टेकायचा नाही."

ती हसली. त्याच्या पोटाला ताक मानवत नाही, म्हणून तो विरजणाविषयी असं बोलतो, असं तिनं टोळीत जाऊन सांगितलं आणि सगळ्या हसल्या.

आता तिच्या मैनाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. मैना येसूबाईची एकुलती एक. नवरा गेल्यावर एवढंच उरलं होतं. तिला दिली होती लवूला. लवू हसतमुख, हाडापेरानं मजबूत, बोलायला जरा अडखळणारा. वाडीतले इतर जावई लग्नाच्या वर्षातच आगबोटीत बसून मुंबईला गिरणीत गेले होते, आणि त्यांच्या बायका गणपतीला येणाऱ्या माणसाची अकरा महिने वाट बघत म्हाताऱ्या होत होत्या. लवूला मात्र खाणीत काम मिळालं आणि तो राहिला. येसूबाईला याचा एवढा आनंद, की ती गावदेवीच्या आधी कंपनीला नमस्कार करी.

लवूनं झोपडं बांधलं ते पऱ्याच्या काठी. जागा सासूनंच दाखवली होती. तिच्या घरापुढच्या खळ्यातून तेवढ्या एका जागेवरची चूल पेटलेली दिसायची. सकाळी धूर वर आला की ती म्हणायची, उठली माझी बाय. रावजीनं झोपडं पाहिलं तेव्हा लवूला दोनदा सांगितलं की हलव. लवूनं कापणी झाली की हलवतो म्हटलं. कापणी झाली, मग लाकडं तोडायची होती, मग मैनाला दिवस राहिले आणि ते टिकले नाहीत, मग कुणी झोपड्याचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी गाळ बांधाच्या काठाशी आला. पावसाळ्याआधी दोन हात बांध चढवायला हवा होता. नेमकं तेव्हाच कंपनीनं रावजीला जयगडला धाडलं, तिथं माल चढवायचा धक्का बांधायचा होता म्हणून. जाताना त्यानं रामाला नकाशा दाखवून सगळं पुन्हा सांगितलं. रामानं मान हलवली. रामाची मान सगळ्यांसमोर सारखीच हलायची.

कोरडी माती टेकाडापलीकडून आणायची, आणि वैशाखात अर्ध्या गाड्या लग्नांत गुंतलेल्या. काम सरकेना. मॅनेजरनं रामाला बोलावून सांगितलं की बांध वेळेत चढला नाही तर माती धुणं दिवाळीपर्यंत बंद आणि माणसं घरी. त्या संध्याकाळी लवू सासूच्या खळ्यात येऊन बसला. बराच वेळ बोटानं जमीन उकरत होता. मग म्हणाला की चुलतभावानं परळच्या गिरणीत शब्द टाकलाय, काम बंद झालं तर पाऊस लागायच्या आधीच्या बोटीनं जाईन. मैना आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी येसूबाई रामाला घेऊन बांधावर गेली. गाळावर उतरली, चालली, टाच मारून बघितली. वरचा थर घट्ट होता. तिनं ओंजळभर माती उचलली, मुठीत दाबली, लाडवासारखी बसली.

"एवढी माती पायाशी पडलीय आणि तू टेकाडापलीकडं गाड्या धाडतोस," ती म्हणाली. "मेरेला काय करतो आपण?"

"रावजी नको बोललाय, बाय."

"रावजीच्या बापानं कधी मेर घातली हाय काय?"

रामानं नेहमीप्रमाणं मान हलवली. मॅनेजरला विचारलं, तोही खूश. गाड्यांचं भाडं वाचलं. बायकांची टोळी आत उतरली. आतला गाळ खणून, त्याच गाळावर पाय ठेवून त्यांनी बांध दोन हात चढवला. येसूबाई सगळ्यांच्या पुढं होती. हाताखाली ती माती इतकी गोड बसत होती, की तिला आपल्याच शेतात असल्यासारखं वाटलं. टोळीतल्या सावित्रीनं म्हटलंसुद्धा, की येसूकाकी, तुझ्या बांधातून आता खेकडासुद्धा जायचा नाय. पाऊस लागायच्या आत काम पुरं झालं. बोट लवूला न घेता गेली.

पाऊस त्या वर्षी जोरात झाला. आषाढ गेला, श्रावण गेला, बांध हलला नाही. येसूबाई रोज सकाळी आधी धूर बघे, मग बांध बघे, मग चहा घेई. भाद्रपदात गौरी आल्या. मैना माहेरवाशीण म्हणून आईकडं आली, लवूही जेवायला आला. गौरी बसल्या त्या दिवशी पावसानं उघडीप दिली आणि बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं. आता भीती सरली, असं सगळ्यांना वाटलं. पाऊस पडत असतो तेव्हा माणूस बांधाकडं बघतो. ऊन पडलं की घोंगड्या वाळत घालतो.

लवू झोपड्यावर गेला तो शेळीला चारा टाकायला. चूल पेटवून चार दिवसांची ओल घालवतो म्हणाला. गौरीच्या नैवेद्याची घावनं तव्यावरून उतरेपर्यंत तो परत येणारच होता. येसूबाई खळ्यात आली तेव्हा पऱ्याकाठी धूर दिसत होता. ओल्या लाकडांचा, जाड, पांढरा.

चिऱ्यांची गाडी रिकामी करावी तसा आवाज झाला. तिनं वर पाहिलं. बांध फुटला नाही. बांध बसला. म्हातारं माणूस उंबऱ्यावर बसतं तसा, मधोमध, सावकाश. चढवलेले दोन हात आत घसरले, त्यांच्या पायाखालचा गाळ पातळ होऊन निघाला आणि मग पाठीमागचं सगळं त्याच्यामागं आलं. पाणी नव्हतं ते. तांबडं, जाड, पेजेसारखं. ते घाईनं आलं नाही असंच तिला पुढं जन्मभर वाटत राहिलं. तोंडून हाक फुटायच्या आत तिथं धूर नव्हता.

लवूला वाडीतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काढला. शेळीचं दावं त्याच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं.

रावजी जयगडहून आला. घळीत उतरला, उरलेल्या बांधाच्या पोटात हात घालून बराच वेळ उभा राहिला. मग येसूबाईच्या खळ्यात आला आणि वाकलेला होता तसाच जमिनीवर बसला.  तिनंच विचारलं, की मेर तर फुटत नाही, मग हे का?

"शेतातलं पाणी दसऱ्याला जातं," रावजी म्हणाला. "आठ महिने तुमची मेर ऊन खाते. इथलं पाणी कधी गेलंच नाही, येसूबाई. वरची साय तेवढी वाळली."

एवढं सोपं होतं. आईला कुणी सांगितलं, ते विचारायची पद्धत असती, तर सांगणाऱ्यानं हेही सांगितलं असतं, असं तिला वाटून गेलं. रावजी म्हणाला की मी जयगडला जायला नको होतं. ती म्हणाली, तुमी नाय म्हणून सांगितलंत, त्याच्यावर आणखी काय करायचं? पण त्यानं ते ऐकलं नसावं.

चौकशीला वरून एक अंमलदार आला. मॅनेजरनं पाऊस जास्त झाल्याचं सांगितलं. आत खणायला कुणी लावलं, म्हणून अंमलदारानं वाडीला विचारलं, तेव्हा रामा म्हणाला की सगळ्यांनी मिळून केलं. सावित्रीनं होय म्हटलं. महिपतनंसुद्धा होय म्हटलं, आणि तो कामावर कधी नव्हताच. मग येसूबाई पुढं झाली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या सांगण्यानं झालं हे."

अंमलदारानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या लुगड्याकडं पाहिलं, आणि शिपायाला म्हणाला की बाईला सावलीत बसव, घरातलं माणूस गेलंय तिच्या. कंपनी एका कुणबिणीच्या सल्ल्यानं बांध घालते, हे कुठल्या कागदावर बसलं असतं? दोष पावसाच्या नावावर गेला. त्यातला वाटा तिनं मागितला, तोही तिला मिळाला नाही.

मैना आईकडंच राहिली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. कामामागून काम करायची, विचारलं तेवढं बोलायची. शिमग्याला वाडीतले मुंबईकर आले, त्यांची पोरं खळ्याखळ्यांतून धावू लागली, तेव्हा एकदाच, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "मुंबईला गेला असता तर गणपतीला तरी आला असता गो, आये."

 

ज्येष्ठ आला. सगळ्या वाडीत मेरा घालून झाल्या. येसूबाईच्या शेतात पाणी भरलं आणि खेकड्याच्या भोकांतून सरळ खाली महिपतकडं जायला लागलं. ती शेताच्या वरच्या मेरेवर बसून बघत राहिली. तिचा पाय चिखलात उतरेना. पाय टाकला की वरचं घट्ट लागेल आणि खालचं सरकेल, असं व्हायचं. महिपतनं आयतं पाणी मिळत असूनही वरच्या बाजूला येऊन विचारलं, की मी घालू काय मेर? ती नको म्हणाली.

मग एका सकाळी मैना कुणाला न सांगता शेतात उतरली. तिनं चिखल उचलून भोकावर थापला. तो सुटला. परत थापला, परत सुटला. आईनं तिला हे कधी शिकवलंच नव्हतं. एका घरात एका हाताचं नाव असलं की दुसऱ्या हाताला काम मिळत नाही. कोपरापर्यंत माखलेली मैना सरळ उभी राहिली आणि मेरेवरच्या आईकडं पाहिलं.

"मना येत नाय," ती म्हणाली. "तू ये."

येसूबाई उठली. पदर खोचला. उतरताना तिनं मैनाचा खांदा धरला आणि मैनानं तो काढून घेतला नाही. दोघींनी दुपारपर्यंत मेर घातली. भोक कसं चाचपायचं, ओंजळ केवढी घ्यायची, टाच कुठं द्यायची, हे येसूबाई हातानंच दाखवत गेली. शेवटच्या कोपऱ्यावर आल्यावर तिनं थापलेला चिखल बोटांनी परत उकरला आणि पाणी जायला वीतभर वाट मोकळी केली. थोडं पुढं जाऊन आणखी एक केली. मग आणखी एक.

"आये, पाणी जातंय सगळं."

"जाऊ दे."

त्या वर्षी येसूबाईचं भात कमी आलं, महिपतचं बरं आलं.  पुढच्या वर्षीही त्या वाटा तिनं तशाच ठेवल्या.