चौथ्या मजल्यावरचा बेड

आमच्या मशिदीच्या तळघरातलं स्टोअर माझ्या ताब्यात आहे. मी ते हिसकावून घेतलेलं नाही, इमामसाहेबांनीच गळ्यात मारलंय. रंगाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, "चाचा, खाली थोडं सामान अस्ताव्यस्त पडलंय, जरा बघता का?" मी बघायला उतरलो, तो अजून वर आलेलो नाही. नमाजापुरता येतो, तेवढंच.

सामान म्हणजे व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या आणि पाच हॉस्पिटलचे बेड, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होणारे. घरात आजारपण आलं की इथून न्यायचं, बरं वाटलं की आणून द्यायचं. घेणारा कुठल्या धर्माचा, कुठल्या गल्लीतला, हे मी विचारत नाही. जिना किती रुंद आहे, हे मात्र विचारतो. आणि सही घेतो. सहीशिवाय कुबडीचं रबरसुद्धा हलू देत नाही, म्हणून लोक मला सहीवाले चाचा म्हणतात. तोंडावर चाचा आणि पाठीमागे काय, ते मला माहीत आहे.

माझ्या डोक्यावर दिवसभर गडबड चालू असते. शुक्रवारी शेकडो माणसं नमाजाला येतात, पण बाजूच्या खोल्यांना सुट्टी कधीच नसते. मंगळवारी डॉक्टरीणबाई तपासतात. एका टेबलावर सरकारी अर्ज भरून मिळतात. कोपऱ्यातल्या खोलीत भांडणारी नवरा-बायको समेटासाठी येतात, त्यांचं सगळं खाली ऐकू येतं. मी कान देत नाही, पण कारखान्यातल्या मशिनी याहून शांत होत्या.

एका बुधवारी एक बस चालवणाऱ्या बाई जिना उतरून खाली आल्या. गणवेशातच होत्या, दोन फेऱ्यांच्या मध्ये पळत आल्या होत्या.

"काका, आम्ही इथल्या मशिदीत येणारे नाही. तरी बेड मिळतो का?"

"मशिदीत येत नाही ते बेडला कसं कळणार?" मी म्हणालो. "कोणासाठी पाहिजे?"

आईसाठी. आई बाथरूममध्ये पडली, पाठीचा मणका दबला. आता सपाट झोपली की तिला उठता येत नव्हतं. डोक्याकडून वर होणारा बेड घरी असेल तरच शुक्रवारी घरी सोडणार, नाहीतर दुसऱ्या गावच्या शुश्रूषागृहात पाठवणार, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. तिथे जायला बसने चार तास.

"मीच बस चालवते," बाई म्हणाल्या, "पण माझी बस तिकडे जात नाही. आईला तिकडे ठेवलं तर महिन्यातून एकदा दिसेल. आणि ती तिथे कोणाशी भांडणार? भांडल्याशिवाय तिला जेवण जात नाही."

पाचही बेड बाहेर होते. चार जणांकडचे हलवणं शक्यच नव्हतं, ती माणसं खरोखर अंथरुणाला खिळलेली. पाचवा चौथ्या मजल्यावर एका निवृत्त लिफ्ट मेकॅनिककडे होता. त्यांचा पाय मांडीत मोडला होता. मी बाईंना म्हणालो, "तोही रिकामा नाही." तेवढ्यात इमामसाहेब खाली आले. त्यांना सगळं ऐकू येतं, नको तेव्हा तर हमखास.

"मेकॅनिकसाहेबांचा पाय मोडून किती दिवस झाले, चाचा?"

"पाच महिने."

"प्लास्टर?"

"निघालं. पण दुखतं त्यांना अजून."

"असं," इमामसाहेब म्हणाले आणि दाढीवरून हात फिरवत वर निघून गेले. त्यांनी असं 'असं' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आता माझी गुरुवारची पद्धत सांगायला हवी. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बेडचा नट ढिला झाला आणि एक आजोबा सूप पिता पिता धाडकन आडवे झाले. त्यांना लागलं नाही, पण सूप छातीभर. तेव्हापासून मी दर गुरुवारी पाना घेऊन, बाहेर गेलेला प्रत्येक बेड तपासायला जातो. चार घरी दहा-दहा मिनिटं लागतात. मेकॅनिककडे दोन तास.

कारण त्यांच्या बेडचं दर आठवड्याला काहीतरी बिघडायचंच. कधी नट ढिला, कधी हँडल अडकलेलं, कधी चाक आवाज करतंय. आणि मी खाली वाकून काम करत असताना ते वरून तोंड चालवायचे. "तुम्ही स्टोअरवाले! आयुष्यभर आम्हाला 'माल शिल्लक नाही' सांगितलंत. कपाटात भरलेला असायचा!" मग मी कसा गप्प बसेन? मी त्यांना मेकॅनिक लोकांची लबाडी ऐकवायचो, एक बेअरिंग लागत असताना तीन मागायची सवय. भांडता भांडता संध्याकाळ व्हायची. घरी आमची बेगम म्हणायची, "बेड दुरुस्त करायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो हो?" मी पाना शोधायला लागायचो.

तर त्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या इमारतीत शिरलो आणि सवयीने जिन्याकडे वळलो. तिथली लिफ्ट सहा वर्षं बंद. दारावर बोर्ड, बोर्डावर धूळ. पण आज बोर्ड नव्हता. लिफ्टमधून भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई बाहेर आल्या.

"या ना चाचा, चालू झाली! चौथ्या मजल्यावरच्या काकांनी केली. दोन दिवस वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ठाण मांडून होते. शिडी चढून-उतरून नुसता धुमाकूळ. या वयात काय चपळ माणूस!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट मला वर घेऊन गेली, एकदम गुळगुळीत, जराही धक्का न देता. त्यामुळे आणखीनच राग आला.

दार नेहमीसारखं उघडंच होतं. मेकॅनिक बेडवर गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते. "या स्टोअरवाले," ते कण्हत म्हणाले. "डाव्या बाजूचा नट पुन्हा गेला बघा."

मी पाना टेबलावर आपटला. "लिफ्ट छान झाली आहे."

ते कण्हायचे थांबले.

"शिडीवर चढताना पाय दुखला नाही वाटतं?"

"थोडा," ते म्हणाले.

"आणि हा नट? तो दर आठवड्याला कोण ढिला करतं?"

ते उठून बसले. हँडल न फिरवता, सरळ, तरण्या माणसासारखे. चादरीखाली पँट, मोजे, सगळं व्यवस्थित घातलेलं होतं.

"बुधवारी रात्री मी करतो," ते म्हणाले. "अर्धाच फेरा. पडण्याइतका नाही. हिशेबाने करतो."

"पण का?"

"का म्हणजे? बेड नीट असता तर तुम्ही दहा मिनिटांत गेला असता. आणि बेडच नसता तर आलाच नसता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मुलगी परदेशात. शेजारी चांगले आहेत, पण दारातून विचारतात. बसून भांडणारं माणूस एकच होतं. मग काय करू?"

मी वाटेत चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती. स्टोअरच्या मालाचा गैरवापर वगैरे. पण झालं भलतंच. उलट मला माझीच लाज वाटली. नट तिसऱ्यांदा ढिला झाला तेव्हाच, चौतीस वर्षं नट-बोल्ट हाताळलेल्या माणसाला, काहीतरी गडबड आहे हे कळायला हवं होतं. कळलंही असेल. मला कळून घ्यायचं नव्हतं, कारण मलाही गुरुवार हवा होता.

मग मी त्यांना बस चालवणाऱ्या बाईंबद्दल सांगितलं. त्यांची आई, शुक्रवार, दुसऱ्या गावचं शुश्रूषागृह, चार तास.

मेकॅनिक ताडकन उभे राहिले. "अहो, मग हे आधी सांगायचं ना! मी इथे लोळतोय आणि तिकडे म्हातारी लटकली आहे? द्या तो पाना."

"माझा पाना मी कोणाला..."

"द्या!"

बारा मिनिटांत बेड सुटा झाला. मला तेवढ्या वेळात चष्मासुद्धा सापडला नसता. लिफ्टमध्ये तो तिरका बसवून आम्ही खाली आणला आणि मशिदीच्या टेम्पोत चढवला. परत केल्याची सही त्यांनी टेम्पोच्या दारावर कागद टेकवून केली. सही करता करता म्हणाले, "आता गुरुवारी तुम्हाला इथे काय काम?" मी दोरी बांधत होतो. आणखी एक गाठ मारली.

शुक्रवारी सकाळी बाईंच्या घरी बेड लावला. फरशी एका बाजूला उतरती होती, मेकॅनिकनी पायाखाली रबराच्या चकत्या घातल्या, बसून बघितलं, झोपून बघितलं, हँडल वीस वेळा फिरवलं. मी म्हणालो, "झिजवाल." ते म्हणाले, "नवीन आणा. कपाटात असेल."

मग अँब्युलन्स आली. बाईंची आई एवढीशी, पण घरात पाऊल पडायच्या आधी आवाज पोचला. "पडदा कोणी बदलला? हे दोघे कोण? सरळ धरा, मी काय टेबल आहे का?" तिला बेडवर ठेवलं. मेकॅनिकनी हळूहळू हँडल फिरवलं. डोकं वर आलं, खांदे आले, आणि म्हातारी महिनाभरात पहिल्यांदा, कोणी ओढल्याशिवाय, स्वतःच्या घरात बसली. मग लेकीचा हात धरून म्हणाली, "अगं, किती वाळलीस." बस चालवणाऱ्या बाई तिथेच खाली बसून रडायला लागल्या, आणि मग दोघी हसायलाच लागल्या. मेकॅनिकना अचानक खिडकीची कडी तपासायची आठवण झाली. मला त्या बेडचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

परत येताना मी मेकॅनिकना घरी सोडायला गेलो. खोलीत बेडच्या जागी चार चाकांच्या खुणा आणि भिंतीला टेकवलेली एक गादी. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. आता हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "शुक्रिया. सामान सगळं मिळालं ना तुमचं?"

"मिळालं."

मी लिफ्टपर्यंत गेलो. दार उघडलं, बंद केलं, आणि परत आलो. ते अजून तिथेच उभे होते.

"गुरुवारी चारला येतो," मी म्हणालो.

"काय तपासायला?"

"काही नाही. तुमच्याकडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाक पुसलं आणि आवाज चढवून म्हणाले, "चार म्हणजे चार. स्टोअरवाल्यांची वेळ मला चांगली माहीत आहे!"