वरच्या खोलीची पाणसळ

मित्रांनो, मला कुणी पट्टी म्हणते, कुणी दांडी म्हणते. म्हणोत बापडे. मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांब, ॲल्युमिनियमची, पोटात काचेची नळी, नळीत पिवळसर पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. मला फरशीवर ठेवले की जमीन कुठे उंच आणि कुठे उतरती आहे ते बुडबुडा उंच बाजूला सरकून दाखवतो. तो दोन काळ्या रेघांच्या बरोबर मध्ये थांबला, तर जागा सपाट. एवढेच माझे शिक्षण. पण मी जे सांगते ते तोंडावर सांगते, आणि या स्वभावापायी एका कुटुंबाला घर मिळता मिळता राहिले होते. तीच हकिगत सांगते.

एका लहानशा कारखान्यात मी घडले आणि पुढे कितीतरी दिवस एका दुकानात खिळ्याला टांगून धूळ खात राहिले. एके दिवशी एक तरुण गवंडी आला. त्याने मला दुकानाच्या फळीवर ठेवले. बुडबुडा रस्त्याच्या बाजूला सरकला. मग त्याने माझ्या टोकांची अदलाबदल करून मला पुन्हा त्याच जागी ठेवले.

"दोन-दोनदा काय बघता?" दुकानदाराने विचारले.

"एकदा काय, कुणीही खरं बोलतं. बाजू बदलल्यावरही तेच बोलली तर घेतो."

मी तेच बोलले. बुडबुडा पुन्हा रस्त्याच्याच बाजूला गेला. त्या दिवसापासून मी त्या गवंड्याची, आमच्या मिस्त्रीची झाले.

पुढची दहा वर्षे आम्ही गावात फरश्या बसवल्या. मिस्त्रीने घातलेल्या न्हाणीत पाण्याचा थेंब थांबत नाही, असे लोक म्हणायचे, आणि मी पिशवीत पडून ऐकायचे. मग गावातली कामे आटली. ज्यांना बांधायचे होते त्यांचे बांधून झाले होते आणि उरलेल्यांची ऐपत नव्हती. एका सकाळी मिस्त्री, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी गाडीत बसली. मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. तिच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेली मी सामानात होते.

मोठ्या शहरात उतरलो ते थेट साडूच्या खोलीवर. साडू मनाचा मोठा, पण खोली लहान. सात माणसे झोपली की दार उघडता यायचे नाही. काम मिळाले, घर मिळेना. त्यात शाळेच्या कारकुनाने सांगितले, "महिनाअखेरपर्यंत घरभाड्याचा करार आणा. पत्ता नसेल तर मुलीची जागा दुसऱ्याला जाईल." हातात पंधरा दिवस होते.

"काहीही झालं तरी ही शाळेत जाणार," मिस्त्रीची बायको म्हणाली. आणि घरशोध सुरू झाला.

पहिले घर एका निवृत्त मास्तरांचे. जवळ उभे राहून बांधून घेतलेले. मास्तर अभिमानाने खोली दाखवत होते. आमच्या मिस्त्रीचा हात काही राहिला नाही. त्याने मला काढून मोरीपाशी ठेवले आणि म्हणाला, "उतार उलटा आहे हो. पाणी मोरीच्या तोंडाकडे न जाता कपाटाखाली जाईल."

मास्तरांचा चेहरा पडला. "भाड्यानं घ्यायला आलात की तपासणीला?"

खोली गेली. दुसरीकडे ओटा कलता निघाला, मिस्त्री बोलला, तीही गेली. तिसरीकडे बायकोने कोपराने ढोसले तरी त्याच्या तोंडून निघालेच, "ही भिंत पोट काढून उभी आहे." चौथ्या घरी तर मी पिशवीबाहेरही आले नव्हते. बाईंनी दारातूनच विचारले, "कुठले तुम्ही?" उत्तर ऐकून म्हणाल्या, "बाहेरून आलेल्यांना देत नाही आम्ही." तेव्हा सगळा दोष माझ्याच माथी मारू नका. पण तीन घरे माझ्यामुळे गेली, हे मी नाकारत नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रीच्या बायकोने मला झबल्यात गच्च बांधले आणि आपल्या पिशवीच्या तळाशी घातले.

"घर मिळेपर्यंत हिचं दर्शन नको. आणि तुम्ही फक्त 'छान आहे' म्हणायचं. येतं ना म्हणता?"

"अगं, पण दिसतं ते..."

"पोरीची शाळा दिसते का?"

मला फार राग आला. खरे बोलणारीला कोंडून ठेवायचे, हा कुठला न्याय? पण तिचेही चुकत नव्हते. पोरीचे वर्ष वाया गेले असते, तर माझा खरेपणा काय चुलीत घालायचा होता?

तीन दिवस उरले असताना एका घराचा पत्ता मिळाला. घरमालकीण इस्पितळातली निवृत्त परिचारिका होती. सारी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. ती खाली एकटी राहायची. पाय दुखायचे, तरी काठी टेकत स्वतः वर आली आणि खोली दाखवली. खोली उजेडाची होती, खिडकी मोठी होती, शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. भिंगरीने खिडकीचा कट्टा तेवढ्यात आपलासा करूनही टाकला.

मिस्त्रीने न्हाणीचे दार पाहिले. ते खालून फुगले होते. उंबऱ्याशी फरशीचा सांधा काळा पडला होता. पिशवीतूनही मला त्याची घालमेल कळत होती.

"कशी वाटली?" सिस्टरने विचारले.

"छान आहे," मिस्त्री म्हणाला.

"नीट पाहिलीत? तुम्ही गवंडी आहात म्हणे."

"पाहिली. छान आहे."

सिस्टरने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. "बरं. विचार करून कळवते."

त्या 'कळवते'चा अर्थ एव्हाना भिंगरीलाही ठाऊक झाला होता. ती कट्ट्यावरून उतरली. सगळे जिना उतरू लागले. चौथ्या पायरीवर मिस्त्रीची बायको थांबली. मिस्त्रीची मान खाली गेली होती. इतक्या वर्षांत त्याला अशा मानेने चालताना तिने पाहिले नव्हते. ती तशीच वर वळली.

"सिस्टर, हे खोटं बोलले. मीच बोलायला लावलं." आणि तिने पिशवीत हात घालून, गाठ सोडून, स्वतः मला बाहेर काढले. "अहो, या इकडे. ठेवा हिला. काय असेल ते सांगा."

मिस्त्रीने मला न्हाणीत ठेवले. बुडबुडा पळाला तो थेट भिंतीकडच्या टोकाला.

"भिंतीकडे उंच आणि दाराकडे उतार. पाणी उंबऱ्याखाली मुरतं. खाली तुमच्या छताला डाग असणार."

सिस्टर कट्ट्यावर बसली. "माझ्या खाटेच्या बरोबर वर आहे. तीन मिस्त्री झाले. तिघांनी वरून सिमेंट फासलं आणि तिघं 'छान झालं' म्हणून गेले. आता कुणी छान म्हटलं की माझं डोकं फिरतं." मग तिने काठी माझ्याकडे रोखली. "पण तुमची ही दांडीच खोटी नसेल कशावरून?"

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आले. त्याने माझ्या टोकांची अदलाबदल करून मला पुन्हा ठेवले. बुडबुडा भिंतीकडेच गेला.

"हं. आम्हीही थर्मामीटर झटकल्याशिवाय लावत नव्हतो," सिस्टर म्हणाली. "काय करावं लागेल?"

"फरशी उखडून उतार नव्यानं द्यावा लागेल. आठ दिवस. मी करीन, पण कामाची मजुरी वेगळी आणि घराचं भाडं वेगळं. उपकाराचं घर नको."

"आणि करार आजच हवा," बायको म्हणाली. "शाळेत दाखवायचाय."

"अगं बाई, न्हाणी उखडल्यावर राहणार कशा?"

"खाली तुमची आहे की!"

सिस्टर इतकी हसली की काठी हातातून सुटली. करार त्याच दुपारी झाला आणि दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत गेली. छतावरचा डाग वाळायला दोन महिने लागले. सिस्टर येईल त्याला मान वर करून दाखवायची.

त्यानंतर त्या गल्लीतल्या कितीतरी न्हाण्या मी सरळ केल्या. सिस्टर गेल्यावर तिच्या पुतण्याकडून मिस्त्रीने ते घर विकत घेतले. मात्र माझे दिवस फिरले. भिंतीवर लाल रेघ मारणारे नवे यंत्र आले आणि मी माळ्यावर गेले. एकदा खाली पडले, कोपरा दुमडला, नळीतले पाणी झिरपले. आता माझा बुडबुडा फुगून दोन रेघांत मावत नाही. मिस्त्रीच्या गुडघ्यांनीही काम सोडले. हल्ली मी वरच्या खोलीतल्या त्याच खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र उडू नये म्हणून पडून असते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

गेल्या महिन्यात वरची खोली बघायला एक जोडपे आले. नुकतेच शहरात आलेले, दोघांच्या हातात एकच पिशवी. बाई वायरिंगचे काम करणारी. भिंगरी आता घराची मालकीण आहे. ती खोली दाखवत होती, तोच त्या बाईने बटणांचा बोर्ड बोटाने वाजवला. नवऱ्याने तिला कोपराने ढोसले. तरी ती बोललीच.

"ताई, याला अर्थिंग दिलेलं दिसत नाही. झटका बसेल एखाद्याला."

भिंगरीच्या कपाळावर आठी चढली. "भाड्यानं घ्यायला आलात की..."

वाक्य तिथेच थांबले. कारण कट्ट्यापाशी बसलेली तिची म्हातारी आई उठली होती. तिने मला उचलले, माझ्याखालचे वर्तमानपत्र बाजूला केले, माझ्या टोकांची अदलाबदल केली आणि पुन्हा त्याच जागी ठेवले.

मित्रांनो, जुन्या हत्याराला आपटू नका, पुसून सपाट जागी ठेवा, एवढे तर मी मागणारच. पण त्याहून मोठे मागणे असे, की कुणी नवखे तुमच्या दारात आले तर एकदा टोके बदलून पाहा. ते आत आहेत आणि तुम्ही जिन्यावर उभे आहात, असे धरा. तरीही तुमचे उत्तर तेच राहिले, तर ते खरे.

भिंगरीने माझ्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातले स्टूल ओढून तिने त्या बाईपुढे ठेवले.

"चढा. बोर्ड उघडून दाखवा मला."