गल्लीकडचं दार

खिडकीच्या नव्या कट्ट्यावर गुडाखूची डबी होती... तळहातात लपेल एवढी, झाकण चेपलेलं, कडेला तंबाखू-गुळाचा काळा लगदा वाळलेला. आणि ती पाहून इरावतीला पहिलं काय सुचलं, तर ही खिडकी गल्लीपलीकडच्यांच्या गच्चीवरून दिसते का. ताईला गोंदियाहून या हिंदी मुलखातल्या शहरात येऊन तास झाला नव्हता. घरामागच्या या खोलीत तिनं अजून पिशव्याही सोडल्या नव्हत्या.

खोली बांधायचं दसऱ्यानंतर ठरलं. पाहुण्यांची सोय होते, ताईचे गुडघे दुखतात, तिला जिना नको — घरात इरावतीनं हेच सांगितलं होतं, आणि सगळं खरंच होतं. खऱ्याचा एवढा ढीग तिनं एकाच गोष्टीवर रचला होता. दसऱ्याला ऑफिसातल्या दोघीतिघी चहाला आल्या, ताई व्हरांड्यात बसून बोटानं गुडाखू लावून दात घाशीत होती, मधेच हसून म्हणाली, "काहून बाई, तुमाले पगार किती हाय?" — आणि एकीनं हळूच विचारलं, "ये कौन हैं?" "गाँव से आई हैं," इरावती म्हणाली. बस. बहीण हा शब्द गिळला. आई गेल्यावर जिनं शाळा सोडली, विड्या वळून वळून मला शिकवलं — मला — ती कोण, तर गावाहून आलेली. ताईनं ऐकलं असेल? ती उठली, हात धुतले, सगळ्यांना चहा दिला, एवढंच आठवतं...

मग भार्गव मिस्त्रीनं विचारलं, "दीदी, दरवाज़ा आँगन तरफ रखूँ के गली तरफ?" ती क्षणभरसुद्धा थांबली नाही. गल्लीकडे. येणारंजाणारं बैठकीतून नको. "हव," असा होकार देऊन तो कामाला लागला. त्याला बापड्याला काय, पण त्या 'हव'नं तिची कानशिलं तापली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ताईनं मोबाइल उंच धरून खोलीभर फिरवला. पडद्यावर गोंदियाची शेजारीण कांताबाई.

"पाह्य कांता, माह्या बहिणीनं खास माह्यासाठी बांधली. संडास बी आतच हाय."

"बढिया हाय व. पण घरात जायचं दार कुठं हाय?"

ताईनं मोबाइल या हातातून त्या हातात घेतला.

"मीच म्हटलं होतं तिले, दार अलग ठेव म्हून. मी पहाटेची उठतो, लोकायची झोप काहून मोडू?" आणि मोबाइल इकडे वळवून, "हो ना, इरे?"

ताई असं कधीच म्हणाली नव्हती.

"हो," इरावती म्हणाली, "ताईनंच सांगितलं." आवाज किती सहज निघाला. सुटल्यासारखं वाटलं तिला, खरोखर सुटल्यासारखं — आणि मग त्या सुटण्याचीच लाज अंगभर चढत गेली. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. दसऱ्यापासून ठाऊक आहे. आणि तरी दर रविवारी फोनवर विचारत होती, पाया झाला का, छत घातलं का...

फोन ठेवून ताई पाठमोरी उशीला अभ्रा घालू लागली. चल ताई, वर माझ्या खोलीत झोप — इरावतीच्या अगदी ओठांवर आलं. ताई नकोच म्हणेल, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर ते ओठांवर आलं होतं.