फक्की उडाली होती

माझ्या आजोबांना सगळी शाळा 'फक्कीसर' म्हणायची. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी पूड त्यांच्या पँटच्या खिशात, चपलांत, कधीकधी भुवयांवरही असायची. आजी त्यांचे कपडे धुताना म्हणायची, "मी माणसाशी लग्न केलं की चुना लावलेल्या भिंतीशी, तेच कळत नाही."

ते दिवसा भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल. दोन्हींत फारसा फरक नव्हता. वर्गात कुणाची नदी चुकली की ते त्याला मैदानावर न्यायचे, फक्कीने अख्खी नदी आखायचे आणि उगमापासून समुद्रापर्यंत पळायला लावायचे. उपनद्या विसरल्या तर त्याही पळाव्या लागत. आमच्या शाळेत भूगोलात नापास झालेली मुलं कमी आणि धापा टाकणारी जास्त होती.

खेळाचा त्यांचा नियम मात्र एकच आणि तो लहानात लहान पोरालाही पाठ होता. बॉल पडला आणि फक्की उडाली, तर बॉल रेघेवर पडला, म्हणजे आत. पुढे वाद नाही.

आणि नेमका माझ्याच बॉलवर वाद झाला. मी शाळेच्या संघात होते. स्पर्धेची फायनल होती आणि ऐन वेळी पंचांना ताप भरला. समोरच्या शाळेचे सर म्हणाले, "फक्कीसरांनाच खुर्चीवर बसवा. ते सख्ख्या बापालाही सोडायचे नाहीत." बापाचं मला माहीत नाही, नातीला मात्र त्यांनी सोडलं नाही. शेवटच्या गुणाला मी जीव खाऊन स्मॅश मारला, बॉल पार कोपऱ्यातल्या रेघेवर आदळला आणि फक्की उडाली. मी या डोळ्यांनी पाहिली. आमच्या मुली नाचायलाही लागल्या होत्या. तेवढ्यात आजोबांनी पंचाच्या उंच खुर्चीवरून दोन्ही हात कोपरात वाकवून वर केले. आऊट. आम्ही हरलो.

त्यानंतर वीस वर्षं मी दर रविवारी आजोबांकडे भांडायला जात होते. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, भांडण तिथंच. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे नेट, वाटाणा म्हणजे बॉल, आणि पुन्हा तोच स्मॅश.

"आजोबा, फक्की उडाली होती."

"वारा होता."

"झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं."

"तू झाडाकडे बघत होतीस? म्हणूनच बॉल बाहेर गेला."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटच्या आजारात मी त्यांच्या खाटेजवळ बसून म्हटलं, "आता तरी सांगा, आत होता ना?" त्यांनी सलाईनच्या नळीसकट दोन्ही हात वर केले. नर्सला वाटलं त्यांना उठून बसायचंय, ती उशा घेऊन धावत आली. आजोबा मिश्कील हसले. चार दिवसांनी ते गेले आणि माझा निकाल तसाच लटकला.

गेल्या महिन्यात शाळेनं त्यांची आठवण म्हणून मैदानावर माजी विद्यार्थ्यांचा सामना ठेवला. आधी भाषणं, मग खेळ. माझा दादाही आला होता. त्याला संघात ओढलं होतं आणि पोट आत घेऊन तो उभा होता. चहाच्या टेबलापाशी एक बाई माझ्याजवळ आली. आता दातांची डॉक्टर आहे, पण मी तिला लगेच ओळखलं. त्या फायनलला समोरच्या शाळेकडून त्याच कोपऱ्यात ती उभी होती; आज सरांसाठी मुद्दाम आली होती.

"तुझा बॉल आत होता," ती म्हणाली. "फक्की माझ्या बुटावर उडाली होती. मॅच संपल्यावर मी सरांना बूट दाखवायला गेले. ते म्हणाले, 'मलाही आतच दिसला गं. पण ती माझी नात आहे. माझ्या डोळ्यांनी तिची बाजू घेतली असेल तर?'"

मी चहाचा कप टेबलावर आदळला. म्हणजे वीस वर्षं त्यांना माहीत होतं! तेवढ्यात माझं नाव पुकारलं. लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्येच ठेवलं आणि माइकवर म्हटलं, "तुमचे फक्कीसर लबाड होते." मग सगळी हकीकत सांगितली. मैदान हसत होतं. मी मात्र खरंच चिडले होते.

पहिल्या रांगेतून आजी उठली. ती हळू बोलली, पण माइक शेजारीच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी यांना म्हटलं होतं, पोरीला एकदा सांगून टाका. तर म्हणाले, 'सांगितलं की भांडण मिटलं. मग ही रविवारी कशाला येईल? हिच्या भावाशी माझं काही भांडण नाही, तर तो वर्षातून एकदा तोंड दाखवतो.'"

दादा बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला. मी तिथंच, माइकसमोर, लहान पोरीसारखी रडले. एक साधा गुण मागत होते मी. त्यांनी मला वीस वर्षांचे रविवार दिले आणि गुण तेवढा राखून ठेवला.

सामन्याला पंच हवा होता. सगळ्यांनी मलाच उंच खुर्चीवर चढवलं. पहिली सर्व्हिस दादाची. बॉल नेटवरून गेला आणि मागच्या रेघेवर पडला. पांढरी फक्की हातभर वर उडाली, शेवटच्या रांगेतल्यांनाही दिसली.

मी दोन्ही हात कोपरात वाकवून वर केले.

दादा खुर्चीपाशी धावत आला. "अगं, फक्की उडाली! सगळ्यांनी बघितलंय!"

"वारा होता," मी म्हटलं. "भांडायचं असेल तर रविवारी आजीकडे ये."