पालथा ग्लास

आकुर्डीतल्या आमच्या बारला मालक नव्हता. परवाना आमच्यातल्या गिरजाबाईच्या नावावर, पण चालवायचो सगळे मिळून: आम्ही सहाजणी आणि रहिमान. रहिमान दिवसा वेल्डिंग करायचा आणि इथे आला की हातात बांगड्या भरून सोडा द्यायचा. त्याला इथे कुणी हसत नसे. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीतल्या बायका यायच्या, पाय पसरून बसायच्या.

नवी भागीदार घ्यायची तर सातही जणांनी आपला ग्लास सरळ ठेवायचा. एकानेही पालथा घातला, की नकार. कारण विचारायचं नाही. मात्र ज्याने पालथा घातला, त्यानेच बाहेर जाऊन तोंडावर सांगायचं.

एकोणऐंशी साली कंपनीतल्या चतुराने भागीदारी मागितली. कामाला चोख, बोलायला साधी. मला ती डोळ्यांसमोर नको होती, आणि त्याचं कारण कस्तुरा.

कस्तुरा आणि मी चार वर्षं एका खोलीत राहत होतो. चाळीत ती मला मावसबहीण म्हणायची. बारमध्ये सगळ्यांना खरं माहीत होतं, तरी इथेही तिच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. मी ते गिळत आले. पण चतुरा आल्यापासून ही बया तिच्याशी कोपऱ्यात तास तास कुजबुजायची आणि मी जवळ गेले की दोघी गप्प. माझा नुसता जळफळाट व्हायचा. कस्तुराच्या हातून चतुराच्या ग्लासात बर्फ जास्त पडतो, हेसुद्धा मी पाहून ठेवलं होतं.

त्या शनिवारी दुपारी सहा ग्लास सरळ राहिले. सातवा मी पालथा घातला. कस्तुराने माझ्याकडे पाहिलं.

चतुरा बाहेर पायरीवर बसली होती. "नाही जमणार," मी म्हणाले. सांगताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"बरं," ती म्हणाली आणि उठली. मग जरा घुटमळली. "भिमाताई, येक इचारू? कंपनीतली झुलेखा आन् मी येकत्र खोली घेतोय. घरमालक इचारंल, तुमी येकमेकींच्या कोन? कस्तुराताईला किती दिस इचारतीया. ती म्हनली, भिमा माजी घरवाली हाय, समदं तिनंच निभावलंय, तिलाच इचार. मलाच तुमच्यापुढं लाज वाटायची."

घरवाली. चतुराने जरा वाट पाहिली. ती स्टेशनच्या वाटेला लागली. हाक मारायला हवी होती. पण मग ग्लास जळून पालथा घातला, हे आत जाऊन सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. मी तिला जाऊ दिलं.

आत आले तर कस्तुरा काउंटर पुसत होती.

"मला वाटलं, तू आणि ती..." मी म्हणाले.

"कळलं मला." तिने फडकं ठेवलं, चपला घातल्या. "चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं, भिमा."

आणि ती चतुराच्या मागे निघाली. घरी कधी येशील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.