कपाटाचं दार उघडायचं नाही

आमच्या घरात काडी ओढायची तरी मोठ्या भाऊजींना सांगावं लागतं. माझे हे थोरले दीर तीस वर्षं अग्निशामक दलात होते, शेवटी अख्ख्या केंद्राचे प्रमुख. निवृत्त झाले, पण घरात अजून ड्यूटीवरच. गॅस बारीक करायला कोण विसरलं, इस्त्रीचा प्लग कोणी तसाच ठेवला, सगळं त्यांना आधी कळतं. पुढचं घर आमचं, मागचं घर आणि अंगण त्यांचं. आणि मला नेमकं त्याच अंगणात धुरी द्यायचं मशीन ठेवायचं होतं.

मशीन म्हणजे काय, लहान फ्रीजएवढं लोखंडी कपाट. तळाशी विजेवर तापणारी कॉइल, तिच्यावर लाकूड घालायचा खण, तो बाजूने ओढता येतो. वर जाळ्या. जाळ्यांवर मासा नाहीतर कोंबडी ठेवायची, दार लावायचं, खालचं लाकूड धुमसत राहतं आणि धुराची चव आत मुरते. हे घरात चालत नाही, मोकळी हवाच लागते. बंद खोलीतला तो धूर माणसाचा जीव घेतो, आणि कळतही नाही.

माझी कंपनी बंद पडली त्याला वर्ष होत आलं होतं. पन्नाशीच्या बाईला नवी नोकरी कोण देतो हो? दोन दुकानदारांनी माझ्या हातची साधी कोंबडी खाऊन, धुरी दिलेला माल दर आठवड्याला मागितला होता. तेव्हा गोष्ट सरळ होती. अंगण मिळालं तर माझा धंदा, नाही मिळालं तर मी घरात बसून भिंती बघायच्या.

भाऊजी "करून बघ" म्हणाले, आणि पहिल्याच दिवशी माती झाली. त्याचं श्रेय आमच्या ह्यांना. लाकूड म्हणजे पेलेट लागतात, भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. ह्यांनी खोली गरम करायच्या शेगडीतल्या पेलेटचं पोतं उचलून आणलं. "लाकूड ते लाकूड, त्यात काय बघायचंय," म्हणाले, आणि खण शिगोशीग भरला. अर्ध्या तासात कपाटातून काळा धूर आणि डिंकाचा असा वास, की मासा नव्हे, जणू दाराला पॉलिश करतोय. मी घाबरून दार उघडलं. आतली धुमसणारी आग हवेचीच वाट बघत होती. भपकन जाळ बाहेर आला आणि माझी उजवी भुवई निम्मी गेली.

भाऊजी बनियनवरच धावत आले. आग विझवली, माझा चेहरा नीट बघितला, आणि मग ह्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "अजून एकदाच. माझ्यासमोर. पुन्हा असं झालं तर हे कपाट अंगणातून कायमचं जाईल." भाऊजी शांतपणे बोलले की समजायचं, आता ब्रह्मदेव आला तरी फरक पडत नाही.

मी दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी चिडले. चिडले की माझं डोकं चांगलं चालतं. मैत्रीण तिचं घर सोडून जाणार होती, तोवर तिच्या परसात कपाट नेलं आणि रिकामंच चालवून बघत बसले. खाण्यासाठीचे पेलेट वेगळे मिळतात, कठीण लाकडाचे, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. ते आणले. कोणीतरी म्हणालं भिजवून घाला, म्हणजे हळू जळतील. भिजवले तर घटकाभरात वाटीत नुसता लगदा. तेव्हा कोरडेच घालायचे, ते कॉइलवर नाही, खणातच, आणि मूठभरसुद्धा नाही, अर्धी मूठ. ते संपत आले की पुन्हा अर्धी मूठ. धूर जेमतेम दिसला पाहिजे. ज्याला धूर बघायचाय त्याने चुलीपाशी जावं.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी अंगणात खुर्ची टाकून बसले. शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं. मी जाळ्या पुसल्या, चरबी गळते तो ट्रे धुवून कोरडा केला, कोंबड्या ठेवल्या, अर्धी मूठ पेलेट घातले, दार लावलं. वरच्या झरोक्यातून निळसर, बारीक धूर निघायला लागला. भाऊजींची नजर त्या झरोक्यावर. मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

सगळं असं सुरळीत चाललं होतं. भाऊजी दुपारची गोळी घ्यायला आत गेले. मी तिसऱ्या कोंबडीला मीठ चोळायला स्वयंपाकघरात. अंगणात राहिले आमचे हे.

आणि ह्यांना धूर कमी वाटला. आता नवऱ्याला काय म्हणायचं? भाऊजींना वाटेल हिला जमत नाही, आपण बायकोची बाजू सावरून घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं. मनाने चांगलेच आहेत हो, तोच तर त्रास आहे. त्यांनी खण ओढला, दोन ओंजळी पेलेट कोंबले, आणि हवा लागावी म्हणून खण अर्धा उघडाच ठेवला.

मी बाहेर आले तेव्हा झरोक्यातून पिवळट धुराचे लोट निघत होते आणि खणाच्या फटीत लालभडक दिसत होतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक, आणि हात कपाटाच्या दाराच्या मुठीवर.

मी हातातलं मिठाचं ताट टाकलं आणि ह्यांच्या मनगटावर असा फटका दिला, की दोन दिवस वळ होता. मग कपाटाकडे पाठ करून मध्ये उभी राहिले.

तेवढ्यात भाऊजी आले. नळकांडं उचलून म्हणाले, "सरक. मी बघतो." तो आवाज मी ओळखते. त्या आवाजावर माणसं तीन मजले चढली आहेत.

"नाही भाऊजी," मी म्हणाले. "दार उघडायचं नाही."

"तू बाजूला हो म्हणतोय ना. पुन्हा तोंड भाजून घ्यायचंय?"

"मशीन माझं आहे. मला करू द्या."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. पण हातांना काम माहीत होतं. भिंतीवरचा प्लग उपसला. जाड हातमोजा घालून खण आत सारला, घट्ट. वरचा झरोका बंद केला. आता हवेला वाट नव्हती. "कोणी हात लावायचा नाही," असं मी सगळ्यांना सांगितलं, म्हणजे दोघांना, आणि बघत उभी राहिले.

आत एकदा भकाभका आवाज झाला. ह्यांनी डोळे मिटले. भाऊजींनी नळकांड्याची पिन काढून तोंड कपाटाकडे धरलं, पण पाऊल पुढे टाकलं नाही. मग आवाज मंदावला. कडेने झिरपणारा धूर आधी बारीक झाला, मग थांबला. तरी मी दार उघडलं नाही. पत्र्याला हात लावता येईपर्यंत थांबले, आणि मगच उघडलं. आत राख, काजळी आणि दोन काळ्याठिक्कर कोंबड्या. जाळ कुठेच नव्हता.

मी म्हटलं, संपलं. शब्द म्हणजे शब्द. "कपाट उद्या हलवते," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

भाऊजी खुर्चीत बसले. काढलेली पिन त्यांनी पुन्हा नळकांड्यात घातली. "आमच्या दलातला एक पोरगा," ते म्हणाले, "चांगला हुशार पोरगा, असंच एक दार उघडायला धावला. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही." मग ह्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "या अंगणातून कोणाला काढायचंच असेल तर ह्याला काढतो. कपाट इथेच राहील."

हे निमूटपणे उंबऱ्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

मी जाळ्या घासल्या, राख काढली, कॉइल बघितली, मीठ चोळलेली तिसरी कोंबडी ठेवली. पुन्हा अर्धी मूठ, पुन्हा तो बारीक निळसर धूर. संध्याकाळी कोंबडी कापली तेव्हा आत धुरीने येते ती गुलाबी कडा, वर तांबूस रंग, आणि चव अशी की बोलायची सोय नाही. भाऊजींनी दोनदा मागून घेतली. उंबऱ्यापलीकडे एक बशी मीच नेऊन दिली.

तोवर दुकानांसाठीची खेप कपाटात लागली होती. भाऊजी उठले, पेलेटच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून खणाकडे निघाले.

"अजून नाही," मी म्हणाले. "आणि एवढे तर मुळीच नाहीत. अर्धे परत डब्यात टाका आणि बसा."

त्यांनी अर्धे परत टाकले, आणि बसले.