पाठ दाखवा, वहिनी

ठाण्याला खाडीजवळ बायकांचा एक दवाखाना होता. अठराशे ब्याण्णव साली तिथे चार-पाच मुली नर्सचं काम शिकत होत्या. त्यांना शिकवणाऱ्या लुर्दसबाई मुंबईच्या इस्पितळात तयार झालेल्या, आवाजाच्या करड्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलींना एकमेकींच्या पाठी ठोकायला बसवलं.

"डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर घट्ट टेकवा, उजव्या बोटाने त्यावर ठोका. आत हवा असली की आवाज पोकळ येतो. पाणी साचलं असेल तर बद्द. स्वतःच्या मांडीवर ठोकून बघा, फरक कळेल."

मुली हसत सुटल्या. व्हिक्टोरियाही हसली. ती खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीतली, बाप मिठागरावर कामाला. महिन्याभरात तिची बोटं सगळ्यांत तयार झाली, पण तिच्यात एक खोट होती. ती फार भिडस्त. रोगी बाई "नको गं" म्हणाली की ही लगेच हात मागे घ्यायची.

"आधी नीट बघायचं," लुर्दसबाई तिला बजावायच्या, "मग हात लावायचा, मग ठोकायचं, मग नळीने ऐकायचं. पुढून आणि मागून. निम्मं तपासून उठलीस, तर उगाच गेलीस तिथे."

श्रावणात कल्याणहून बोलावणं आलं. शाळामास्तर त्र्यंबकरावांची बायको सुमती बाळंतपणानंतर तापाने झुरत होती. खोकला, धाप, अंगावर मांस उरलेलं नाही. वैद्यबुवांनी क्षय सांगितला होता, म्हणून तान्हं मूल तिच्यापासून दूर ठेवलेलं. पुरुष डॉक्टरने सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, असं घरचं म्हणणं. म्हणून दवाखान्याचे डॉक्टर विश्राम व्हिक्टोरियाला आगगाडीने सोबत घेऊन गेले.

सासूबाई विमलाबाई माजघराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी व्हिक्टोरियाच्या गळ्यातला क्रूस पाहिला.

"ही आत जाणार?"

"मी जाऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग तपासायचं कोणी?"

विमलाबाईंनी पुन्हा एकदा त्या क्रुसाकडे पाहिलं. मग बाजूला सरल्या. "जा. मागाहून आंघोळ घालीन मी सुनेला."

खोलीत अंधार होता. सुमती डाव्या कुशीवर मुटकुळं करून पडली होती. विशीचीही नसेल. व्हिक्टोरियाने कपाळाला हात लावला, नाडी पाहिली, जीभ पाहिली. छातीवर पुढून ठोकलं, नळी लावली. फारसं काही लागलं नाही.

"उठून बसता का, वहिनी? चोळी जरा सैल करा, पाठ बघते."

सुमतीने पदर घट्ट ओढून घेतला. "नको हो. पुरे झालं आता."

व्हिक्टोरियाचा हात मागे आला. ती बाहेर गेली. "ताप आहे. नाडी जलद आहे. छाती ठीक वाटते."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि पाठ?"

ती हातातली नळी गुंडाळत राहिली.

"पाठ पाहिली नाहीस?"

"त्या नको म्हणाल्या."

डॉक्टर रागावले नाहीत. "मला आत काही दिसत नाही, व्हिक्टोरिया," ते हळू आवाजात म्हणाले. "तू सांगशील तेवढंच मला कळणार."

ती पुन्हा आत गेली, पण या वेळी लगेच हात लावला नाही. खिडकीची फळी उघडली आणि अंथरुणाशी बसून नुसतं बघत राहिली. श्वासाबरोबर सुमतीची उजवी बरगडी उचलली जात होती. डावी जवळजवळ हलत नव्हती.

"वहिनी, नेहमी याच कुशीवर निजता?"

"दुसरीकडे वळलं की जीव घुसमटतो."

"मला वाटतं, दुखणं मागच्या बाजूला आहे. पाठ दाखवा, वहिनी. दार लावलंय. तुम्ही न् मी, दोघीच आहोत."

सुमती तिच्याकडे बघत राहिली. "बाळ माझ्याजवळ देतील का हो?"

"ते मला माहीत नाही. पण तपासल्याशिवाय कोणालाच कळायचं नाही."

सुमती हळूहळू उठून बसली आणि पाठमोरी झाली. व्हिक्टोरियाने तिच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले. "देवाचं नाव घ्या. मोठ्याने."

"राम," सुमती म्हणाली. "राम, राम."

उजव्या तळव्याखाली शब्द थरथरला. डाव्या तळव्याखाली, खालच्या बाजूला, काहीच नाही. व्हिक्टोरियाने ठोकलं. उजवीकडे पोकळ आवाज. डावीकडे वरती पोकळ, आणि खाली येता येता एकदम बद्द, मांडीवर ठोकल्यासारखा. नळी लावली तर तिथे श्वासही ऐकू येईना. आवाज बदलला त्या जागी तिने कोनाड्यातल्या डबीतल्या काजळाचं बोट टेकवून खूण केली.

बाहेर येऊन तिने सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टर ताडकन उठले. "छातीत पाणी झालंय. सुईने काढायला हवं, आणि तेवढं मलाच करावं लागेल."

त्र्यंबकरावांनी आईकडे पाहिलं. विमलाबाई दारातून हलल्या नाहीत.

"सगळं अंग झाकलेलं असेल, काकू," व्हिक्टोरिया म्हणाली. "खुणेपुरती जागा उघडी ठेवीन. मी धरून बसते त्यांना. पण आज आंघोळ घालू नका. सोसायची नाही."

विमलाबाईंनी कपाटातून स्वच्छ धूतवस्त्र काढून तिच्या हातात दिलं.

सुई आत गेली तेव्हा सुमतीने व्हिक्टोरियाच्या खांद्यात नखं रुतवली. पिवळसर पाणी तांब्यात पडत राहिलं. काढता काढता सुमतीचा श्वास मोकळा होऊ लागला. ती व्हिक्टोरियाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

"क्षय नाहीच, असं आज मी सांगणार नाही," डॉक्टर त्र्यंबकरावांना म्हणाले. "पण आशा धरायला हरकत नाही. दूध द्या, उजेडात ठेवा. ही मुलगी येऊन बघत जाईल."

व्हिक्टोरिया येत राहिली. बद्द आवाज जिथे सुरू व्हायचा ती खूण दर खेपेला खाली सरकत गेली. ताप उतरला, खोकला थांबला, आणि दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी बाळाला आईजवळ द्यायला सांगितलं.

त्यानंतरच्या खेपेला सुमती ओसरीवर उन्हात बसली होती. मांडीवर बाळ दुपट्यात हातपाय झाडत होतं. व्हिक्टोरियाने तिला आत नेऊन तपासलं. दोन्ही बाजूंना श्वास नीट ऐकू येत होता. ती नळी गुंडाळून उठली, तशी दाराआडून विमलाबाई पुढे आल्या.

"अगं पोरी, मलाही हल्ली विहिरीवरून येताना धाप लागते. कोणाला बोलले नाही." आणि तिने विचारायच्या आतच त्या पाटावर बसल्या, पदर सावरला आणि तिच्याकडे पाठ केली. "बघ बरं."